वहिनीचा मे महिना

मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला. पाहुणे आपापल्या घरी गेले, मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून झाली, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले. या दिवसांत आपण एकमेकींना हमखास विचारतो, "काय गं, सुट्टी कशी गेली?" यंदा हा प्रश्न मला जरा नीट विचारावासा वाटतोय. सुट्टी कुणाची? आणि कुणाच्या जिवावर?

माझं माहेर बोईसरचं. दादा तारापूर एमआयडीसीत, पाळीची नोकरी. आई-बाबा गेले तरी आमचं माहेर टिकलं ते दादा-वहिनीमुळे. मी नाशिकला, धाकटी वसईला. मे उजाडला की दोघी मुलाबाळांसकट बोईसर गाठणार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि धाकटीची तर चंगळच झाली. त्याआधी विरारला शटलची वाट बघत ताटकळावं लागायचं. मी मात्र एसटीनं येते. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा रस्ता. जव्हारच्या स्टँडवर गाडी थांबते, तिथे चहा घ्यायचा, करवंदाचा द्रोण घ्यायचा, हा माझा दरवर्षीचा नेम. हे जव्हार लक्षात ठेवा. पुढे त्याचंच सांगायचंय.

यंदा भाचीनं डोक्यात खूळ घातलं, सगळ्यांनी मिळून काळदुर्ग चढायचा. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे, तिथून वर वाट जाते. उंची म्हणाल तर दीड हजार फुटांच्या आसपास. ट्रेकिंगवाल्या मुलामुलींना किरकोळ, आमच्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्यांना बऱ्यापैकी. वहिनी म्हणाली, "तुम्ही जा, मी मागचं बघते." पण भाचीनं ऐकलंच नाही. आपले बूट तिच्या पायात घातले आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून तिला तयार केलं.

पहाटे उजाडायच्या आत खिंडीत पोहोचलो. वाघोबाला नमस्कार केला. तिथल्या माकडांपासून पिशव्या सांभाळल्या आणि चढायला लागलो. मी दर दहा पावलांवर थांबत होते. वहिनी सगळ्यांच्या पुढे. तेवीस वर्षं पालघरच्या बाजाराला जाता-येता हा डोंगर तिनं लांबून पाहिला होता, पायाखाली घेतला नव्हता. वर तो मोठा आयताकृती कातळ आहे. त्यावर उभं राहिलं की पश्चिमेला समुद्राची रेघ, खाली देवकोपचा तलाव, पालघरची घरं. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होतो. वहिनी एकटी पूर्वेकडे बघत उभी होती. मला म्हणाली, "ताई, जव्हार याच बाजूला ना?" मी म्हटलं, "हो, त्या डोंगरांच्या पलीकडे." आणि पुन्हा फोटोत गुंतले. मग तिनं डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. गडावर यायलासुद्धा ती तीनला उठली होती, हे त्या वेळी आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

दुपारी ऊन मी म्हणत असतं, कुठे जाता येत नाही. म्हणून मी आईच्या साड्यांचा विषय काढला. खरं सांगते, माझ्या मनात किंतु होता. वाटायचं, वहिनीनं त्या कधीच बोहारणीला घालून स्टीलचा डबा घेतला असेल. ती उठली, माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आत आईची नऊ लुगडी-पातळं, धुऊन, घडी घालून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. दर पावसाळ्यानंतर ती उन्हं दाखवत होती म्हणे. मी खाली मान घालून म्हटलं, "आपण यांची गोधडी शिवू या."

गोधडी शिवणं आता मागं पडत चाललंय, म्हणून थोडं सांगते. खाली अस्तर अंथरायचं, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर, वर त्यातल्या त्यात धडसा कपडा. सुरकुती न ठेवता कच्चे टाके घालायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि गोल गोल फिरत मध्याकडे यायचं. चार जणी चार बाजूंना बसतात आणि टाक्याटाक्यानं एकमेकींच्या जवळ सरकतात. देशावर हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे. त्यांच्या बायकाही अशाच कडेकडून आत शिवत येतात, त्यांची ती कवंडी. आणि अमेरिकेत अलाबामामध्ये गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं खेडं आहे. तिथल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या चिंध्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. चिंधीचं मोल बाईच्या हाताला कळतं, जगाला ते उशिरा कळतं, एवढाच याचा अर्थ.

तर आम्ही तिघी आणि भाची अशा चार बाजूंना बसलो. तिसऱ्या दिवशी धाकटी सहज बोलून गेली, "वहिनी, तुझ्या आईचं एखादं लुगडं असतं तर तेही घातलं असतं यात."

वहिनीचा हात थांबला. मग अगदी साध्या आवाजात, सुईकडे बघत म्हणाली, "आईचं काही आणता आलं नाही हो. ती आजारी होती तेव्हा मे महिना होता. तुम्ही सगळे आलेला होतात. म्हटलं, पाहुणे गेले की जाते. तुम्ही निघालात जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी पोहोचले तोवर ती बोलत नव्हती. दोन दिवसांनी गेली. साड्या भावजयीनं वाटून टाकल्या होत्या, मागायचं कसं?"

वहिनीचं माहेर जव्हारचं. बोईसरहून एसटीनं उणेपुरे तीन तास. त्या वर्षीही जव्हारच्या स्टँडवर मी चहा प्यायले होते, करवंदं घेतली होती. तिची आई तिथून हाकेच्या अंतरावर अंथरुणाला खिळलेली होती. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. तेवीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही, की ज्या महिन्यात मी माहेरवाशीण असते, त्याच महिन्यात हिलाही माहेर असतं.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्या घरचं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. आपलं माहेरपण दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टांवर उभं असतं, आणि ती दुसरी बहुतेक वेळा बाईच असते. आपण सासरच्या कामानं थकून माहेरी टेकायला जातो, यात चूक काहीच नाही. टेकायला जागा हवीच. पण आपण ताटावर बसतो तेव्हा भाकरी थापत कोण असतं? दादा नसतो, एवढं नक्की. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तासही नाही. हा झाला रोजचा हिशेब. घरात आठ पाहुणे असतानाच्या मे महिन्याचा हिशेब कुठल्या पाहणीत मांडणार?

आणखी एक गंमत बघा. एव्हरेस्ट सर करणारी जगातली पहिली स्त्री जपानची जुन्को ताबेई, १६ मे १९७५. आपली बचेंद्री पाल, २३ मे १९८४. महाराष्ट्राची कृष्णा पाटील, २१ मे २००९. सगळ्याजणी मे महिन्यातच शिखरावर पोहोचल्या, कारण हवामान तेव्हाच साथ देतं. ताबेई तर घरी लहान मुलगी ठेवून गेली होती. पैसे अपुरे, म्हणून तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी गाडीच्या जुन्या सीटांच्या कापडातून हातमोज्यांवरची आवरणं शिवली. डोंगर आणि सुई यांचं वैर नाही, हेच यातून दिसतं. वैर आहे ते "तुम्ही जा, मी मागचं बघते" या वाक्याशी.

डहाणूच्या महालक्ष्मीची गोष्ट आमच्याकडे सांगतात. देवीचं मूळ स्थान गडावर. एका गरोदर भक्तिणीला चढ झेपेना, तेव्हा देवीच तिच्यासाठी पायथ्याशी उतरून आली. देवीला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये? दरवेळी वहिनीनंच आपल्यापर्यंत यायचं का? आपण एकदा दोन पावलं उतरलो तर?

आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय. पुढच्या मे महिन्यात पहिले दहा दिवस वहिनी जव्हारला जाणार. तिथे आई नाही, पण भाऊ आहे, बहिणी आहेत, थंड हवा आहे. बोईसरचं घर त्या दहा दिवसांत आम्ही दोघी आणि दादा चालवणार. दादा कुरकुरला, "पाळी असते माझी." वहिनी म्हणाली, "मलाही असते की, तिन्ही पाळ्या." त्यावर तो गप्प बसला. कुकर लावायला शिकून झालाय, पोळ्यांचं बघू.

घडून गेलेलं यानं भरून येणार नाही, हे मला कळतं. वहिनीच्या आईची वेळ निघून गेली, ती आमच्या दहा दिवसांनी परत मिळणार नाही. पण भाचीचं लग्न होईल, तीही कुणाची तरी वहिनी होईल. तिनं तरी "पाहुणे गेले की जाते" म्हणू नये.

गोधडी पुरी झाली. मधला शेवटचा चौकोन राहिला होता, तिथे वहिनीनं स्वतःच्या लग्नातल्या जुन्या साडीचा तुकडा लावला. आम्ही म्हटलं, ही तूच ठेव. ती नको नको म्हणत होती, पण या वेळी आम्ही ऐकलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीचे बेत आखाल तेव्हा तिकिटं काढण्याआधी वहिनीला एक फोन करा. "आम्ही कधी येऊ?" एवढंच नका विचारू. त्याआधी विचारा, "तू कधी जाणार आहेस?" आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.