भाड्याचा संगणक, चालू मीटर



जुलै महिना संपत आला की बीड जिल्ह्यात गेवराई म्हणा, केज म्हणा, आष्टी म्हणा, कुठल्याही बाजाराच्या गावी जा. सेवा केंद्रापुढे रांग दिसेल. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. सोयाबीन, कापूस, तूर पेरून झालेली असते आणि पीकविम्याचा अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ आलेली असते. तेवढ्यात आतून आवाज येतो, ‘‘थांबा काका, सर्व्हर डाऊन आहे!’’ रांगेतले एखादे आजोबा विचारतात, ‘‘हा सर्व्हर आजच कसा काय पडला? महिनाभर तर बरा होता!’’

आजोबांचा प्रश्न अगदी नेमका आहे, बरं का! आज त्याचंच उत्तर शोधू या.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना आणि मोबाइलना माहिती पुरवणारा, त्यांच्याकडून माहिती घेणारा संगणक. एका वेळी तो किती जणांना उत्तर देऊ शकेल, याला मर्यादा असते. ही मर्यादा ठरते त्याच्या प्रोसेसरवर, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागावर, आणि त्याच्या मेमरीवर. अर्ज थोडे थोडे आले तर काम सुरळीत चालतं. शेवटच्या दिवशी सगळे एकदम आले की तो धापा टाकू लागतो. अशी गर्दी केवढी असू शकते? २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरच्या लोकांसाठी कोरोना लसीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा एकाच दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नावं नोंदवली होती!

तुम्ही म्हणाल, मग मोठाच संगणक घ्यावा की! पण तो घेतला तर वर्षातले पाच दिवस कामाला येणार आणि बाकीचे ३६० दिवस रिकामा बसणार. लग्नाला दोनशे माणसं येणार म्हणून आपण दोनशे ताटं विकत घेतो का? नाही. भांडी भाड्यानं आणतो. संगणकाचंही तसंच करता येतं. अमेरिकेतल्या अॅमेझॉन कंपनीनं ऑगस्ट २००६ मध्ये संगणक तासाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तेव्हा दर होता ताशी दहा सेंट. यालाच आज ‘क्लाउड’ म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. पण या ढगातलं काहीही आकाशात नसतं हं! हे संगणक मोठमोठ्या इमारतींमध्ये असतात आणि त्यांना वीज लागते, गारवा लागतो. आपल्या महाराष्ट्रातही ते आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात, अॅमेझॉननं २०१६ मध्ये आणि गुगलनं २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनंही क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं.

जुन्या वाड्यात एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड असतं ना? तसाच एक मोठा संगणक प्रोग्रॅमच्या साहाय्यानं अनेक भागांत वाटून देतात. प्रत्येक भाडेकरूला वाटतं, आपल्याकडे अख्खा संगणक आहे. अशा एका भागाला ‘इन्स्टन्स’ म्हणतात. त्याचे आकार शर्टासारखे असतात : स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज. आकार दुप्पट झाला की साधारणपणे भाडंही दुप्पट होतं.

आता खरी गंमत बिलात आहे. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल कसं ठरतं, घरी विचारा. ते ठरतं पंपाच्या हॉर्सपॉवरवर. पाणी किती उपसलं, हे त्यात पाहत नाहीत. (एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य सरकार भरतं, ती गोष्ट वेगळी.) भाड्याच्या संगणकातही आकार बघतात, आणि तो किती वेळ चालू होता तेही बघतात. त्यानं काम केलं की तो नुसता बसून होता, हे कोणी विचारत नाही. पूर्वी पाच मिनिटं चालवला तरी अख्ख्या तासाचे पैसे लागायचे. ऑक्टोबर २०१७ पासून अॅमेझॉन लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचं भाडं सेकंदावर मोजू लागलं. मात्र कमीत कमी एका मिनिटाचे पैसे द्यावेच लागतात.

आकार बदलायचा कसा? त्याच्या पायऱ्या सोप्या आहेत. आधी संगणक थांबवायचा, मग नवा आकार निवडायचा, मग पुन्हा सुरू करायचा. काही मिनिटांचं काम. पण तेवढा वेळ साइट बंद राहते. म्हणून शहाणा माणूस हे काम गर्दीच्या आदल्या रात्री उरकतो, रांग लागल्यावर नाही. दुसरा उपाय म्हणजे चालू संगणक तसाच ठेवून त्याच्या जोडीला तेवढेच आणखी दोन-चार घ्यायचे आणि आलेले अर्ज त्यांच्यात वाटून द्यायचे. यात काही बंद ठेवावं लागत नाही. गर्दी वाढली की संगणक आपोआप वाढावेत आणि ओसरली की कमी व्हावेत, अशीही सोय असते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, आपण अर्ज भरण्याची एक साइट चालवतो. लहान संगणकाचं भाडं ताशी १० रुपये आणि आठपट मोठ्याचं ८० रुपये धरू. (हे दर फक्त गणितापुरते.) वर्षाचे तास किती? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६०.

मोठा संगणक वर्षभर ठेवला तर खर्च ७,००,८०० रुपये. लहानच वर्षभर ठेवला तर ८७,६०० रुपये, पण शेवटच्या पाच दिवशी रांगेतली माणसं परत जाणार. आता पाच दिवस, म्हणजे १२० तास मोठा आणि बाकी ८,६४० तास लहान असं करू. ९,६०० अधिक ८६,४००, म्हणजे ९६,००० रुपये! फक्त ८,४०० रुपये जास्त दिले की गर्दीही निभावते. वर्षभर मोठा ठेवण्यापेक्षा सहा लाखांहून अधिक रुपये वाचतात. सरकारी साइट असेल तर हे पैसे कुणाचे? आपल्या सगळ्यांचे.

पण गर्दी सरल्यावर संगणक पुन्हा लहान करायला विसरलं तर? तीस दिवसांत ५०,४०० रुपये जादा जातील. भाड्याचं पातेलं धुऊन कोपऱ्यात उपडं ठेवलं म्हणून भाडं थांबत नाही. ते परत केल्यावरच थांबतं!

इथं आणखी एक गोम आहे. संगणक ‘थांबवणं’ आणि ‘सोडून देणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबवला की प्रोसेसर-मेमरीचं भाडं बंद होतं. पण ज्या डिस्कवर अर्ज साठवले आहेत, तिचं भाडं चालूच राहतं. अॅमेझॉनच्या या डिस्कचा आकार वाढवता येतो, पण आहे ती डिस्क लहान करता येत नाही. इंटरनेटवरचा पत्ता म्हणून जो जुन्या पद्धतीचा क्रमांक राखून ठेवतात, त्यालाही अॅमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून ताशी अर्धा सेंट लावते, मग तो वापरा किंवा वापरू नका. उलट संगणक कायमचा सोडून दिला तर त्याच्यासोबत डिस्कवरची माहितीही पुसली जाऊ शकते. म्हणून आधी प्रत काढायची, मगच सोडायचं.

आणि हो, ‘सर्व्हर डाऊन’चा दोष दरवेळी लहान आकाराचाच असतो असं नाही. अर्ज भरताना जमिनीची नोंद, आधार, बँक खातं यांची तपासणी होते. त्यातला एखादा दुसराच सर्व्हर अडकला तर आपला कितीही मोठा असून उपयोग नाही. कधी केंद्रातलं इंटरनेटच मंद असतं. खत घालण्याआधी माती तपासावी, तसं कुठं अडलंय हे आधी पाहावं लागतं.

महाराष्ट्रात खरीप २०२३ मध्ये विम्याची शेवटची तारीख ३१ जुलैवरून ३ ऑगस्टवर गेली. २०२४ मध्ये ती १५ जुलैवरून ३१ जुलैवर गेली. मुदत वाढली हे चांगलंच. पण पहिल्या तारखेला रांगेत उभ्या राहिलेल्या मजूर बाईची त्या दिवसाची रोजंदारी आणि एसटीचं भाडं काही परत येत नाही. तिची फेरी वाया जाऊ नये, यासाठी कुणीतरी आदल्या रात्री जागं राहून आकार वाढवायचा असतो, आणि नंतर आठवणीनं कमीही करायचा असतो.

पालकांसाठी दोन शब्द. हल्ली मोठी मुलं शिकण्यासाठी अशा सेवांची ‘मोफत’ खाती उघडतात, पण तिथं अनेकदा तुमच्या कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो. मोफत हद्द कुठं संपते, ते मुलांबरोबर बसून वाचा. ठरावीक रकमेला इशारा येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. मात्र असा इशारा बहुधा फक्त कळवतो, मीटर बंद करत नाही. ते काम आपलंच!

आता तुमच्यासाठी गणित : वरच्याच दरानं पाच दिवस एका मोठ्याऐवजी आठ लहान संगणक घेतले आणि बाकी वर्ष एकच ठेवला, तर एकूण खर्च किती येईल? आणि यात कोणती सोय जास्त मिळेल? दोन्ही उत्तरं वहीत लिहा आणि घरच्यांना समजावून सांगा. त्यांना समजलं, तर तुम्हालाही समजलं!