मालाला मुभा, माणसाला कुलूप

दोस्तांनो, मी मॅट्रिक. गोदीत माल चढवतो, उतरवतो. बोट सुटल्यावर दर बदलला तर वाटेतल्या मालाचं काय, हे सरकारं बरोबर बघतात. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं भारताच्या मालावर आणखी २५ टक्के जकात लादली. २७ तारखेपासून लागू. पण त्याआधी बोटीवर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत तिथं सोडवला की जादा जकात माफ. कोळंबीला मुभा. कापडाला मुभा.

आणि विद्यार्थ्याला?

त्याच वर्षी २७ मेला अमेरिकेनं आपल्या सगळ्या वकिलातींना हुकूम सोडला: विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देऊ नका. ऐन हंगामात! ऑगस्टात वर्ग सुरू होणार, हातात प्रवेशाचं पत्र, आणि खिडकी बंद. १८ जूनला उघडली ती नवी अट घेऊनच. सोशल मीडियावरची सगळी खाती उघडी ठेवा, आम्ही तपासणार, अमेरिकेशी वैर दिसतं का बघणार. म्हणजे जातीवर, युद्धावर लिहिलेली ओळ पोरांनी रात्रीतून पुसायची. ज्यांच्या घरात लिहिणारी ही पहिलीच पिढी, त्यांनीच आपल्या हातानं पुसायचं!

ऑगस्टात आणखी एक प्रस्ताव. शिक्षण पुरं होईतो राहा, ही मुभा काढायची आणि चार वर्षांची मुदत घालायची. तिथं पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज लागतात. उरलेल्या वर्षांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा धाकधूक.

बड्या बापाचा पोरगा म्हणेल, अमेरिका नाही तर ऑस्ट्रेलिया. बापाचा चेक तोच, नुसता देश बदलायचा. आपल्या पोरीकडे एकच चेक, तोही बँकेचा, घर तारण ठेवून काढलेला. तिला दुसरा डाव नाही.

आता बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या त्या खिडकीवर चला. १९५२ च्या अमेरिकन कायद्याचं कलम २१४ (बी) असं धरूनच चालतं की तू तिथंच राहायला निघालास. खोटं ठरवायचं ओझं तुझ्या डोक्यावर. दाखव, मायदेशी तुझं काय आहे? घर? जमीन? धंदा? च्यायला, ज्याला गावानं गावकुसाबाहेर ठेवलं त्याच्या नातीला विचारतात, गावाशी तुझं नातं काय!

पण नुसतं अमेरिकेला शिव्या घालून भागणार नाही. आपल्याच दिल्लीचं बघा. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला २०२५-२६ साठी १०६ जण निवडले. जुलैत पत्रं दिली ४० जणांना. ६६ जणांना सांगितलं, निधी असला तर देऊ. निवड झालेल्यांना हे उत्तर! पैशाचं पत्रच नाही, तर व्हिसाच्या खिडकीवर ही पोरं काय दाखवणार? आपलं कपाळ?

शहाणे सांगतात, व्हिसा हा हक्क नव्हे, मेहरबानी आहे. बरं, कोणाला घ्यायचं ते त्या देशानं ठरवावं. पण डाव अर्ध्यावर आल्यावर नियम फिरवायचा नाही. ज्याला प्रवेश मिळालाय त्याला जुनाच नियम लावा. मालाला लावलात, माणसालाही लावा.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत यायची परवानगी दिली होती, म्हणून १९२० ला जाऊन तो पुरा करता आला. एवढीच सोय आज आपण मागतोय. व्हिसा अडला तर शिष्यवृत्ती राखून ठेवा. पैशाचं पत्र व्हिसाच्या हंगामाआधी हातात द्या. निवडलेल्या प्रत्येकाला द्या, निधीचं रडगाणं नको.

ज्यांची पत्रं अडलीत त्यांनी घरात तोंड लपवून बसू नये. यादी करा, वस्तीवस्तीतून नावं गोळा करा. सामाजिक न्याय खात्याच्या दारात आपण सगळे मिळून बसू. पाळी बुडवून मीही येतो.