जाळी बारीक करा, पेटी मोठी करा

पाणी किती अंशांना उकळतं असं सातवीतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो शंभर म्हणेल. या उत्तराची आपल्याला इतकी सवय होते की पुढे आयुष्यात प्रत्येक बदलाचा एक शंभरावा अंश असणारच, असं आपण धरून चालतो. अमुक साली असं झालं, तमुक माणसाने तसं केलं आणि तिथून सगळं पालटलं. बदल म्हटला की त्याला तारीख हवी, आणि जमलं तर एक आरोपीही हवा. ही सवय तपासून घ्यायला हवी असं मला फार दिवसांपासून वाटतं. त्यासाठी आज जरा लांबचं उदाहरण आणलं आहे, थेट भौतिकशास्त्रातलं.

विषयाचं नाव भारदस्त आहे : 'लॅटिस गेज थिअरी', आणि त्यातलं तापलेल्या पदार्थाचं अवस्थांतर. घाबरू नका. मी स्वतः बीए, तेही मराठी माध्यमातून, आणि जन्मभर मराठी नि इतिहास शिकवलेली बाई. समीकरणांच्या वाटेला मी जात नाही. पण गोष्ट समजायला दर वेळी समीकरण लागतंच असं नाही.

तर गोष्ट अशी. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, त्यांच्या आत क्वार्क, आणि क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. यातली गंमत म्हणजे सुटा क्वार्क आजवर कुणालाच मिळालेला नाही. ओढून वेगळा करायला जावं तर बंध सैल होत नाही. उलट ओढण्यात घातलेल्या ऊर्जेतून क्वार्कांची नवी जोडी जन्माला येते. हे सगळं ज्या नियमांनी चालतं ते १९७३च्या सुमारास हाती आले, पण कागद-पेन्सिलीने ती गणितं या ठिकाणी सुटेनात.

१९७४ साली केनेथ विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. सलग अवकाश आणि काळ सोडून द्यायचा आणि त्याऐवजी ठिपक्यांची जाळी घ्यायची. ठिपक्यांवर क्वार्क, ठिपके जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. आता हिशोब संगणकाला देता येतो. तरी रांगोळीचे शक्य प्रकार इतके अफाट की सगळे तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. मग काय करायचं? आपल्या आज्या करत आल्या तेच, शितावरून भाताची परीक्षा! नीट ढवळून, जागोजागची शितं उचलून पाहायची. याला ते 'मॉन्टे कार्लो' पद्धत म्हणतात. १९८०च्या आसपास मायकेल क्रॉइट्झने अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ही पद्धत या जाळीवर चालवून दाखवली आणि विषय धावायला लागला.

आता तापमान. या जाळीला चार दिशा असतात, तीन अवकाशाच्या आणि एक काळाची. काळाची दिशा जितकी आखूड, तितकं जाळीतलं जग गरम, असा गणिताचा नियम आहे. तो मी आहे तसा मान्य करून पुढे जाते, तुम्हीही या. प्रश्न एवढाच : तापवत गेलं तर क्वार्कांचा तुरुंग फुटतो का? आणि फुटतो तर पाण्यासारखा एका ठरावीक अंशाला, की आणखी कसा?

क्वार्क वगळून नुसत्या ग्लुऑनांचं जग घेतलं तर उत्तर पाण्यासारखंच मिळालं. ठरलेलं तापमान, लख्ख सीमारेषा, आणि पाठ्यपुस्तकं ज्याला 'अप्रकट उष्मा' म्हणतात तो प्रकारही तिथे सापडला. पण आपलं जग काही नुसत्या ग्लुऑनांचं नाही. खरे क्वार्क त्यांच्या खऱ्या वजनांसकट हिशोबात घ्यायचे तर काम कितीतरी पटींनी अवघड होतं. ते निर्णायकपणे झालं २००६ साली. झोल्तान फोडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये निकाल दिला : सीमारेषा नाही! क्वार्क मोकळे होतात खरे, पण हळूहळू, कुठेही उडी न मारता. याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. थंडीत थिजलेलं तूप चुलीजवळ ठेवलं की आधी मऊ पडतं, मग ढिलं होतं, मग वाहतं. ते नेमकं कधी पातळ झालं ते सांगा पाहू. (तुपाचं कारण वेगळं, ते अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण असतं. पण चित्र तेच.)

त्यांनी हे ठरवलं कसं, ते मला निकालापेक्षाही मोलाचं वाटतं. संगणकातली पेटी नेहमी लहान असते, आणि लहान पेटीत खरोखरची उडीसुद्धा गोलाईदार उतारासारखी दिसते. म्हणजे एका पेटीकडे पाहून 'रेषा आहे' किंवा 'रेषा नाही' काहीच म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी तीन आकारांच्या पेट्या घेतल्या. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांच्या आकारमानात पाचपटीचा फरक. खरी सीमारेषा असती तर पेटी मोठी होताना आलेखावरचं शिखर झपाट्याने उंच व्हायला हवं होतं. ते झालं नाही. प्रत्येक पेटीत जाळीही टप्प्याटप्प्याने बारीक करत नेली होती, हे महत्त्वाचं.

याचा परिणाम विश्वाच्या इतिहासावर होतो. महास्फोटानंतर सेकंदाच्या काही लाखांश भागातच विश्व निवत निवत याच टप्प्यातून गेलं. १९८४ साली एडवर्ड विटन यांनी मांडलं होतं की ते अवस्थांतर पाणी उकळल्यासारखं झालं असेल तर बुडबुडे उठले असतील आणि क्वार्कद्रव्याचे गोळे मागे राहिले असतील. क्रॉसओव्हर म्हटल्यावर तशा बुडबुड्यांचा आधारच जातो.

आता भांडणाकडे वळू, कारण मला सांगायचंय ते तिथेच आहे. तापमान किती, यावर २००६ सालीच दोन तट पडले. एका गटाचं उत्तर १५१ एमईव्ही, दुसऱ्याचं १९२. हे त्यांचं एकक. एक एमईव्ही म्हणजे सुमारे ११६० कोटी अंश. म्हणजे दोघांत जवळजवळ साडेसत्तेचाळीस हजार कोटी अंशांचं अंतर! दोन्ही गट नामवंत, दोघांकडे मोठाले संगणक. आपल्याकडे एवढ्यावर दोन संघटना, दोन दिवाळी अंक आणि तीन पिढ्यांचं वैर सहज उभं राहिलं असतं. तिथेही वर्षानुवर्षं वाद झाला. पण त्या काळात दोघांनीही जाळ्या बारीक करत नेल्या. १९२च्या हिशोबात काळाच्या दिशेला अवघे चार आणि सहा खण होते. चार ठिपक्यांत मोर कसा काढणार? खण बारापर्यंत गेले तेव्हा २०१२ साली त्या बाजूच्या मोठ्या गटाचं उत्तर आलं १५४, नऊ इकडेतिकडे. पुढे २०१९ साली १५६.५, दीड इकडेतिकडे. म्हणजे साधारण १.८ लाख कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या लाखाहून अधिक पट. वाद मिटला. कुणी आवाज चढवून मिटवला नाही.

त्यात आणखी एक मेख होती. पहिल्या गटाने जेव्हा एका मोजपट्टीने १५१ काढलं, तेव्हाच दुसऱ्या मोजपट्ट्यांनी त्यांना १७५-१७६ मिळत होतं, आणि ती चूक नव्हती. जिथे उडी नसते तिथे प्रत्येक मोजपट्टी आपापली जागा दाखवणारच. म्हणजे वादाचा काही भाग जाडसर जाळीचा होता, आणि काही भाग 'नेमका अंश सांगा' या प्रश्नाचाच होता.

या शोधात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. आपल्या विश्वात रेषा नाही हे झालं द्रव्याची घनता नगण्य असताना. घनता वाढवली तर पुढे कुठेतरी रेषा सुरू होते का? तिथे शितं उचलण्याची युक्तीच लंगडी पडते, कारण काही शितांचं वजन उणे निघतं आणि अधिक-उण्यात हिशोब बुडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी दोन हजारच्या दशकात एक वाट धरली. शून्य घनतेपाशी उभं राहून उतार किती, उताराचा उतार किती असं मोजायचं आणि त्यावरून पुढचा रस्ता अंदाजायचा. तो बिंदू निर्विवादपणे हाती आलेला नाही. पण म्हणून 'नाहीच' असंही कुणी जाहीर करत नाही, हे लक्षात घ्या.

आता माझा मुद्दा. 'मराठी शाळा नेमक्या कधी ओस पडायला लागल्या?' हा प्रश्न मला लग्नात, बारशात, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयार असतं : अमुक सरकार, तमुक वर्ष, नाहीतर शिक्षकच. मी ज्या शाळेत होते तिथलं सांगते. पहिलीची पटसंख्या पाहिली तर उतार एका वर्षी दिसतो. तुकडी बंद झाली ते वर्ष वेगळं. खुद्द शिक्षकांच्या घरची मुलं इंग्रजी शाळेत जायला लागली ते वर्ष त्याच्याही कितीतरी आधीचं. तीन मोजपट्ट्या, तीन वर्षं, आणि तिन्ही खरी. घंटा कुठल्याच दिवशी वाजली नाही. तूप वितळत होतं आणि आम्ही तारीख शोधत बसलो होतो.

मात्र याचा अर्थ 'सगळंच धूसर असतं हो' असं म्हणून पाय पसरून बसावं असा नाही. तोही आळसच. ग्लुऑनांच्या जगात रेषा खरीच आहे. आपल्या आयुष्यातही काही बदल एका सहीने, एका रात्रीत होतात आणि तिथे तारीख नि नाव दोन्ही सांगायलाच हवीत. रेषा आहे की नाही हे आधीच ठरवून बसू नये, एवढंच म्हणते मी. एकाच शाळेवरून राज्याचा निकाल देऊ नका, पेटी मोठी करा. पाच वर्षांतून एकदा मोजू नका, जाळी बारीक करा. मोजपट्ट्या वेगवेगळी उत्तरं देत असतील तर समोरच्याला खोटारडा म्हणण्याआधी आपला प्रश्न तपासा.

बदल हळूहळू होत असेल तर त्यात एक दिलासाही आहे. कुठल्याही दिवशी फार उशीर झालेला नसतो. पण धोका तोच आहे, कारण कुठलाही दिवस आपल्याला जागं करायला येत नाही. मोजायचं काम आपलं आपणच करावं लागतं, आणि ते रोजचं असतं.