‘बोर्ड गेलाय, नवीन घ्या’

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या शाळेत रोबोटिक्सची किंवा टिंकरिंगची लॅब आहे, किंवा येणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी ती आपल्या करातून उभी राहते म्हणून वाचा.

माझं सांगलीत दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, मोटरच्या स्टार्टरची कार्डं, येईल ते. मागच्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या एका शाळेतले विज्ञानाचे सर एसटीने आले. पिशवीत आर्डुइनो उनो बोर्ड, मेमरी कार्डाची दोन मॉड्यूल्स, दोन कार्डं, घड्याळाची चिप आणि वायरींचा गुंता. म्हणाले, “पुरवठादार म्हणतोय बोर्ड गेलाय, नवीन घ्या. एकदा बघता का? नसेल होत तर तसं लिहून द्या, डेडस्टॉकला लावायला लागेल.”

त्या डेडस्टॉकवर नंतर येतो. आधी यंत्र काय होतं ते सांगतो.

मुलांनी पर्जन्यमापक केला होता. नरसाळ्यातून पाणी खालच्या झुलत्या जोडवाटीत पडतं. एक बाजू भरली की वाटी कलंडते, दुसरी नरसाळ्याखाली येते. दर वेळी चुंबक एका स्विचसमोरून जातो, आणि बोर्ड ती वेळ मेमरी कार्डावर लिहितो. सातवी-आठवीच्या पोरांनी हे उभं केलं, शाळेच्या इन्व्हर्टरवर लावलं आणि भर जुलैत अकरा दिवस चालवलं. अकराव्या दिवशी सरांनी प्लग काढला, कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं. फाइल होती. साइज शून्य.

तिथून पुढे जे झालं त्याच्यावर माझा राग आहे.

पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, कार्ड खराब आहे, मोठं घ्या. सरांनी स्वतःच्या खिशातून ६४ जीबीचं आणलं. ते बोर्डाला सापडेचना. परत फोन. आता म्हणे मॉड्यूल गेलं. नवं मॉड्यूल मागवलं, जुन्याच वायरी जशाच्या तशा लावल्या. तरी कार्ड सापडेना, जुनंही नाही आणि नवंही नाही. तिसऱ्या फोनला निकाल लागला: बोर्ड गेला.

बोर्ड ठणठणीत होता. जुनं कार्ड ठीक होतं. जुनं मॉड्यूलसुद्धा ठीक होतं. मूळ चूक प्रोग्रॅममधल्या एका ओळीची होती, आणि बाकीचे बिघाड नव्या वस्तूंनी स्वतःबरोबर आणले होते.

मूळ चूक अशी. प्रोग्रॅममध्ये फाइल सुरुवातीला एकदा उघडली होती, ती पुन्हा कधी बंदच केली नाही. बोर्ड थेट कार्डावर एकेक अक्षर लिहीत नाही. ५१२ बाइट साठले की एक घास कार्डावर टाकतो. पण फाइल केवढी झाली ही नोंद कार्डाच्या यादीत तेव्हाच होते, जेव्हा प्रोग्रॅम फाइल बंद करतो किंवा ‘फ्लश’ म्हणतो. दुकानदाराने वहीची पानंच्या पानं भरली, पण पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिकेत काहीच लिहिलं नाही, तर दुसरा माणूस अनुक्रमणिका बघून वही कोरी म्हणणार. कॉम्प्युटरने तेच म्हटलं. दर नोंदीनंतर फ्लशची एक ओळ घातली असती की काम झालं होतं.

दुसरा बिघाड ६४ जीबीच्या कार्डाचा. ३२ जीबीच्या वरची कार्डं दुकानातून एक्सफॅट नावाच्या मांडणीत येतात. आर्डुइनोच्या नेहमीच्या एसडी लायब्ररीला फॅट१६ आणि फॅट३२ एवढंच वाचता येतं. पावसाच्या नोंदीला ८ जीबीसुद्धा आयुष्यभर पुरेल. मोठं कार्ड घ्या हा सल्ला फोनचे फोटो साठवणाऱ्याला द्यायचा असतो. (शिवाय स्वस्तातल्या मोठ्या कार्डांत खोटी भरपूर. वर ६४ छापलेलं, आत त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. पूर्ण भरून परत वाचून बघणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, घेतल्या दिवशी चालवा.)

तिसरा बिघाड मॉड्यूलचा, आणि याने लै लोकांना रडवलंय. जुनं मॉड्यूल साधं होतं, त्याला ३.३ व्होल्टच्या पिनवरून वीज दिलेली. नव्या मॉड्यूलवर ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर बसवलेला होता. त्या रेग्युलेटरला स्वतःला एखादा व्होल्ट लागतो. त्याला ५ च्या जागी ३.३ दिले तर कार्डापर्यंत किती उरणार? मीटर लावला, अडीचच्याही खाली. कार्डाला किमान २.७ लागतात. एक वायर शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनमध्ये सरकवली. जुनं कार्ड सापडलं. सर खुर्चीवरून उठून बघायला आले.

आणि हो, मधल्या काळात पोरांनी नव्या फाइलला ‘पाटणपाऊसजुलै’ असं लांबलचक इंग्रजी अक्षरांतलं नाव दिलेलं. ही लायब्ररी आठ अक्षरं, टिंब आणि पुढे तीन अक्षरं एवढंच नाव घेते. त्यामुळे कार्ड सापडल्यावरही फाइल उघडेना. हा चौथा. इथे मीच अर्धा तास गंडलो, कारण तोवर माझ्याही डोक्यात मॉड्यूलच बसलेलं.

सांगायचा मुद्दा, यात अवघड काही नाही. आपल्याकडे मोटर बंद पडली तर शेतकरी रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. आधी लाईन आहे का बघतो, तिन्ही फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. एका वेळी एक. पहिल्या झटक्यात नवीन मोटर आणत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना उभा राहिला तो हा आपला मुलूख. इथे प्रत्येक बाजारगावात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, लेथ आहे, रेण लावणारा माणूस आहे. ही अक्कल गावात पडून असताना शाळेत मात्र ‘बदला’ एवढं एकच औषध शिकवलं जातंय.

आता डेडस्टॉक. सरांना मी विचारलं, मॉड्यूल उघडून मीटर का नाही लावला? तर पहिलं, लॅबच्या सामानात मीटर नव्हता. दुसरं, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली. उघडली आणि बिघडली तर जबाबदारी कुणाची? बंद पडलेली वस्तू कपाटात ठेवली तर कुणी विचारत नाही. उघडून बघितलेली वस्तू बंद पडली तर खुलासा द्यावा लागतो, मग निर्लेखनाचा प्रस्ताव, मग सह्या. या व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. मी सरांना दोष देत नाही. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या भरून झाल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी मुलांकडून एवढं करून घेतलं, हेच जास्त.

पुरवठादाराच्या पोरालाही फार बोलणार नाही. फोनवर बोलणारा पंचवीस वर्षांचा, डोक्यावर डझनभर शाळा. त्यालाही कुणी मीटर धरायला शिकवलेलं नाही. पण त्याच्या मालकाला बोलणार. आणि खरेदीच्या यादीवर सही करणाऱ्यांना बोलणार, कारण आकडे छोटे नाहीत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं होतं, १० उभारणीला आणि १० पाच वर्षं चालवायला. देशात अशा दहा हजार लॅब झाल्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच हवी. पण त्या ५० हजार लॅबमध्ये कार्ड सापडलं नाही तर पोरं काय करणार, हे आजच कुणीतरी विचारायला नको का?

“अहो, दोनशे-तीनशेची वस्तू, दुरुस्तीत कशाला वेळ घालवता?” हे मला दुकानात रोज ऐकायला मिळतं. मॉड्यूल तीनशेचं असेल. कार्डावर काय होतं?

सांगलीकरांना पावसाचं मोल मी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत घराघरात दोनच प्रश्न होते, कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विनला किती फूट. हे पाणी येतं कुठून? महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरातून. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे डोंगर घरांवर आला. डोंगरात पाऊस खोऱ्याखोऱ्याला बदलतो. या कड्याला झोडपतो, पलीकडे नुसती भुरभुर. महसूल मंडळाचं एक यंत्र एका जागी उभं असतं आणि त्याचा आकडा सगळ्या गावांचा पाऊस म्हणून धरला जातो. अशा ठिकाणी एका शाळेच्या छपरावर मिनिटामिनिटाची नोंद असणं म्हणजे काय, हे ज्यांनी ती रात्र काढली त्यांना विचारा. मुलांच्या वहीत रोज सकाळी साडेआठला मापलेला आकडा होता. पण रात्री किती वाजता किती जोराने पडला, ते वहीत नव्हतं. ते फक्त त्या ‘खराब’ कार्डावर होतं.

सरांनी एक गोष्ट नशिबाने केली नव्हती: जुनं कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं. फोनवर तोही सल्ला मिळालेला. मी आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर घेतली, मूळ कार्ड बाजूला ठेवलं, आणि नकलेत तारखेचे आकडे शोधले. अनुक्रमणिका कोरी होती, पण पानं भरलेली होती. ओळीमागून ओळी. शेवटचा अर्धा-पाऊण तास तेवढा गेला, कार्डावर टाकायचा राहिलेला घास. बाकी अकरा दिवस मिळाले. एका रात्री एक ते तीनच्या दरम्यान ओळी इतक्या दाट होत्या की सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, “त्या रात्री आम्ही खालच्या वस्तीतली माणसं शाळेत आणून झोपवली होती.”

कार्ड बदलून ही रात्र परत मिळाली असती का?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. पुढच्या प्रत्येक लॅबच्या खरेदीत मल्टिमीटर, ८ किंवा १६ जीबीची चार जादा कार्डं आणि जोडणीचा मराठीतला नकाशा सक्तीचा करा. पुरवठादाराचं शेवटचं बिल, त्याने शिक्षकासमोर मुद्दाम केलेला बिघाड शोधून दाखवल्यावरच काढा. उघडून बघताना बिघडलेल्या हजार रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी शिक्षकाकडून खुलासा मागणं बंद करा. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी प्रदर्शनातला दिवा लावणारा रोबोट बघण्याआधी बिघाडाची वही मागावी. काय बंद पडलं, काय तपासलं, काय निघालं. वही कोरी असेल तर समजा, लॅब कुलपात आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या शाळांसाठी माझं दुकान रविवारी सकाळी दहा ते एक उघडं असतं. पैसे घेत नाही. फक्त येताना बोर्ड, मॉड्यूल, वायरी, कार्ड, प्रोग्रॅम सगळं जोडलेल्या स्थितीत आणा, आणि काय काय बदलून झालंय ते कागदावर लिहून आणा. जुनं कार्ड फॉरमॅट करू नका. आणि दोन पोरांना बरोबर आणा, मीटर त्यांच्याच हातात देणार आहे.