डोंगर तासून की डोंगर राखून?

किनाऱ्यालगतची मोक्याची जागा संपत आल्यापासून गोमंतकातील हॉटेल व्यावसायिकांची दृष्टी मागच्या डोंगरउतारांकडे वळली आहे. समुद्राचे दर्शन तेथून अधिक चांगले घडते हे खरेच. पर्यटनाला आमचा विरोध नाही. त्यावर हजारो घरांच्या चुली पेटतात. परंतु त्या दर्शनासाठी डोंगर ज्या रीतीने तासले जात आहेत, ती पाहता या बांधकामांच्या आराखड्यांविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्न प्रथम साध्या गणिताचा आहे. चारास एक अशा उतारावर २० मीटर रुंदीची सपाट जागा एकाच टप्प्यात खोदून काढावयाची झाल्यास मागे ५ मीटर उंचीचा उभा कडा तयार होतो आणि दर मीटर लांबीमागे ५० घनमीटर माती उपसावी लागते. तीच इमारत ५-५ मीटरच्या चार पायऱ्यांत उतरविली, तर प्रत्येक कडा सव्वा मीटरचाच राहतो व माती निघते साडेबारा घनमीटर. खांबांवर उचलून धरली, तर पायांच्या खड्ड्यांपुरतीच. आपल्या वाडवडिलांनी कुळागरे उतारावर टप्प्याटप्प्याने रचली, ती काही हौसेखातर नव्हे.

खरा शत्रू पाणी आहे. आपला सडा वरून कठीण दिसतो. मात्र चिऱ्याच्या त्या सच्छिद्र थराखाली बहुधा मऊ, चिकट मातीचा थर असतो. पावसाचे पाणी चिऱ्यातून झिरपते, या मातीवर अडते आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. देवळांची तळी, विहिरी आणि खालची शेते याच पाण्यावर जगली. उतार मध्येच कापला म्हणजे ही वाट उघडी पडते, ओली माती आधार गमावते आणि सरकू लागते. जाड भिंत बांधली की झाले, हा समज घातक आहे. भिंतीमागे खडीचा थर आणि पाणी निघावयास भोके नसतील, तर साचलेले पाणीच तिला ढकलून देते.

शिवाय आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३ मीटर पाऊस पडतो. १,००० चौरस मीटरच्या छपरावर त्याचे ३० लाख लिटर पाणी होते. ते टाकीत साठवावे, उरलेले दगडी गटारांतून सावकाश नाल्यात सोडावे. उतारावरच शोषखड्डे खणून जिरवू नये. सांडपाण्याचेही तेच, नाहीतर पाहुण्यांची घाण खालच्या वाड्यावरील विहिरीत उतरते. आणि उताराच्या अगदी कडेवर पोहण्याचा तलाव बांधण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्याविषयी काय बोलावे! १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलावातील पाण्याचेच वजन ६० टनांहून अधिक भरते. त्यास तडा गेला तर गळती थेट मातीत.

वास्तविक हॉटेलपेक्षा हॉटेलकडे जाणारा रस्ताच कित्येकदा डोंगराचा अधिक घात करतो. मोठ्या बसगाड्या पायथ्याशी थांबवून वर अरुंद वाटेने लहान वाहने नेली तर पाहुण्यांचे काही बिघडणार नाही.

३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाड. तेथील परिस्थिती निराळी होती. परंतु पाण्याने भरलेला उतार काय करू शकतो हे दोन्हीकडे दिसले.

१९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७-अ प्रमाणे डोंगरकापणीस पूर्वपरवानगी लागते. २०२१ च्या प्रादेशिक आराखड्याने २५ टक्क्यांहून तीव्र उतार बांधकामास वर्ज्य ठरविले आहेत. तेव्हा नियम नाहीत असे नव्हे. उणीव तपासणीत आहे. परवानगी मागणाऱ्याने भर पावसाळ्यातील भूजलपातळी मोजलेली असावी, मातीची छिद्रे घेऊन केलेली तपासणी व कापणीचे उभे छेद अर्जासोबत जोडावेत, आणि हे कागद पंचायतीत मराठी-कोंकणीतून, पायथ्याशी राहणाऱ्यांना वाचता येतील असे, परवानगीपूर्वी महिनाभर लावले जावेत, एवढी आमची नगरनियोजन खात्याकडे मागणी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणत्याही उतारावर यंत्र चालू देऊ नये, हे तर येत्या पावसाळ्यापासूनच करता येईल.