मासे दिसतात, बुरशी दिसत नाही!

तेरवाड बंधाऱ्यावर मासे मेले की फोटो व्हायरल होतात. दोन दिवस पंचगंगेवर चर्चा, मग सगळं शांत. पण नदीत बुरशी मेली तर? कुणाला पत्ताही लागणार नाही. खरंतर पाण्यात पडलेलं पान आधी तीच मऊ करते, मग ते किडे खातात आणि किड्यांवर मासे जगतात.

आता उसाच्या रानाकडे बघा. सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनतं, त्यातच फ्लोराईड असतं. दर डोसाबरोबर ते थोडंथोडं मातीत जातं. माती आम्लधर्मी असेल, तर ते पेशीत सहज शिरतं आणि साखरेतून ऊर्जा काढणारं एन्झाइम अडवतं. फ्लोराईड बाहेर टाकणारं प्रथिन बुरशीकडे असतं. 2013 मध्ये ते यीस्टमध्ये सापडलं. पण डोस फार वाढला, तर तेही अपुरं पडतं.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत हवं, हा नियम आपल्या दातांसाठी आणि हाडांसाठी. बुरशीचा विचार त्यात नाही.

मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, प्रोजेक्ट शोधताय? जाळीच्या पिशव्यांत सुकी पानं भरा. काही शिंगणापूरला, काही तेरवाडला पाण्यात सोडा. महिन्याने वजन करा, पाण्यातलं फ्लोराईडही तपासा. मासे मरायची वाट कशाला बघायची?