कला ही खैरात नव्हे

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, ते सार्वजनिक पैशाने. त्याच्या पाण्यावर खालच्या मुलखात ऊस उभा राहिला. पाटाचे पाणी मागणारा शेतकरी भीक मागतो, असे कोणी म्हणत नाही, व ते रास्तच आहे. मग ज्या डोंगरात ते पाणी अडले, तेथील ठाकर व महादेव कोळी लोकांच्या कांबड नाचास साहाय्य देण्याची गोष्ट निघताच आपल्या तोंडी उपकाराची भाषा का यावी?

धरणाच्या जलाशयाकाठी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. त्याचे कोरीव दगड सरकारने संरक्षित केले, हे उत्तम झाले. परंतु दगडातील कला जपावयाची आणि माणसाच्या अंगी असलेली कला त्याच्याबरोबर मरू द्यावयाची, हा कोठला न्याय?

कोणी म्हणतील, ज्या वाड्यांवर उन्हाळ्यात प्यावयास पाणी नाही, तेथे नाचगाण्याचे कौतुक कशाला? पाणी आधी हवे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि पाणी येईतोवर शाळा बंद ठेवा, असे हे गृहस्थ म्हणत नाहीत. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 27 व्या कलमाने समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि भारताने त्यास अनुकूल मत दिले. तो हक्क केवळ शहरातील नाट्यगृहांपुरता नाही.

नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 साली त्या वारल्या, आणि पुढे त्यांच्या नावे सरकारी पुरस्कार सुरू झाला. यातून आपण काही शिकलो काय?

वृद्ध कलावंतांस राज्य सरकार मानधन देते. 2024 पासून ते दरमहा 5,000 रुपये आहे. योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, हेही उचित. परंतु एका जिल्ह्यातून वर्षास 100 च कलावंत निवडावयाचे, असा दंडक आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यासही तोच आकडा! शंभरावर थांबतो तो हक्क कसला? शिवाय हे मानधन उतारवयात मिळते; तरुणाने ढोल हाती का धरावा, याचे उत्तर त्यात नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच : संख्येची मर्यादा काढावी, आश्रमशाळांतून जाणत्या कलावंतांस पगारी शिक्षक नेमावे, आणि भंडारदऱ्यास येणाऱ्या प्रवाशांपासून सरकारास जे उत्पन्न होते, त्याचा ठराविक वाटा गावोगावच्या कलेस द्यावा. पाण्याचा हिशेब आपण चोख ठेवतो. तसाच तो कलेचाही ठेवावा.